आवाज कुणाचा?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका दाम्पत्याचा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला मे 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठापुढे आला. पत्नीचे परपुरुषाशी संबंध आहेत, असे पतीचे म्हणणे. पुराव्यादाखल त्याने फोनवरचे संभाषण दिले. तो आवाज आपला नाहीच, असे पत्नी म्हणाली. न्यायालयाने तिला आवाजाचा नमुना द्यायला सांगितले. दोनच महिन्यांनी, 14 जुलैला, सर्वोच्च न्यायालयानेही पतीपत्नीमधल्या संभाषणाचे चोरून केलेले ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात ग्राह्य ठरवले. एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ येते तेव्हा संसार आधीच मोडलेला असतो, हा त्यामागचा विचार.

तो पटण्याजोगा आहे, पण अर्धाच. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नकळत फोनमध्ये ॲप टाकणाऱ्याला यातून मुभा मिळाल्यासारखे वाटेल, आणि घरात फोन बहुधा कुणाच्या ताब्यात असतो हे वेगळे सांगायला नको. शिवाय ग्राह्य म्हणजे सिद्ध नव्हे. हिंदू विवाह कायद्याला व्यभिचार म्हणजे शरीरसंबंध अभिप्रेत आहे, ‘जेवलीस का?’ एवढ्याने तो ठरत नाही. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्रही लागते. जालन्यातील खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात 2020 मध्ये अशाच प्रमाणपत्राची सक्ती अधोरेखित झाली होती.

कौटुंबिक न्यायालयांनी अशी संभाषणे बंद दाराआड ऐकावीत आणि वकिलांनी ती व्हॉट्सॲपवर फिरू देऊ नयेत.