पाठीवरील खूण आणि विलंबाची किंमत

कळंब्याच्या तलावाने एकेकाळी कोल्हापूर शहराची तहान भागविली. त्याच्या बांधावर ओल दिसली, तर दैवाचा कौल मानून कोणी स्वस्थ बसणार नाही. बांध तपासला जाईल. परंतु त्याच परिसरात एखाद्या अर्भकाच्या कमरेपाशी, कण्याच्या रेषेवर, दाट केसांचा झुबका दिसला, तर घरातील मंडळी वैद्यकीय तपासणीचा विचार करतीलच, असे नाही. कोणी त्यात शुभशकुन पाहील, कोणी लज्जेने तो झाकील. केसांच्या जटेत यल्लम्माची इच्छा वाचण्याची रूढी ज्या मुलखाने अनुभवली, तेथे याचे नवल वाटू नये.

प्रश्न मात्र शकुनाचा नसून शरीररचनेचा आहे. गर्भावस्थेच्या आरंभी मज्जारज्जू व त्याभोवतीचे मणके नीट मिटले नाहीत, तर त्वचेखाली दडलेल्या या दोषाची खूण झुबका, खळगा, गाठ वा तांबडा डाग या रूपाने बाहेर उमटू शकते. नवजात बालकाच्या अंगावरील मऊ लव निराळी. ती काही आठवड्यांत झडते. प्रत्येक झुबक्याखाली दोष असतोच, असेही नव्हे. पण तो असल्यास मज्जारज्जू खाली जखडलेला असू शकतो आणि मूल वाढेल तसा ताणला जातो. मग पाय दुबळा होतो, चाल बिघडते, लघवीवरील ताबा सुटतो. गेलेली शक्ती शस्त्रक्रियेने पूर्णपणे परत येतेच, असे नाही.

विलंबाचा हिशेब येथेच सुरू होतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणके कोवळे असल्याने सोनोग्राफीने आत पाहता येते. पुढे बहुधा एमआरआय करावा लागतो. लहान मुलास त्यासाठी गुंगी द्यावी लागते आणि खर्चही कितीतरी वाढतो. ‘जावळाच्या वेळी पाहू’ म्हणणाऱ्या घराची स्वस्त संधी तोवर हुकलेली असते. वस्तरा खूण पुसतो, दोष नव्हे.

यासाठी नव्या योजनेची गरज नाही. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या विकारांच्या यादीत मज्जानलिकेच्या दोषाचा समावेश आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीची तरतूद आहे. त्याआधी, जन्मानंतरच्या 42 दिवसांत, आशा कार्यकर्ती घरी भेटी देतात. यांपैकी एका भेटीत बाळाला पालथे करून पाठ पाहणे व संशय आल्यास त्याला डॉक्टरांकडे धाडणे, एवढाच दंडक हवा. मात्र अंगातील कपडेही न काढता तपासणी उरकली, तर कागदावरील आकडे भरतील. दोष तसाच दडून राहील.

एका मिनिटाची ही दक्षता जवळजवळ फुकट आहे. तिच्या अभावाची किंमत मात्र त्या मुलाला जन्मभर आणि त्याच्या मजूर आईबापांना बुडालेल्या रोजगारातून मोजावी लागते. कमी खर्चात टळणारे अपंगत्व दैवाच्या खाती मांडणे समाजाने आता थांबवावयास हवे.