फुकट्या कोण?

सहा डिसेंबर जवळ आला की डहाणू लोकलमध्ये हमखास ऐकू येतं, "आले फुकटे मुंबई बघायला!" खिडकीजवळचा साहेब बोलतो, आजूबाजूचे हसतात. मी बोईसरचा. टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर. परिषदांना आलेल्या पाहुण्यांना मुंबई दाखवणं हेच माझं पोट. तेव्हा 'मुंबई बघण्या'वर बोलायचा हक्क मला त्या खिडकीवाल्यापेक्षा जास्त आहे.

पाहुणा येतो दुसऱ्याच्या खर्चानं. विमान, हॉटेल, जेवण, माझी गाडी, सगळं संयोजकांचं. दोन दिवस भाषणं. तिसऱ्या दिवशी हातात छापील कागद : गेटवे, मरीन ड्राइव्ह, धोबीघाट, रात्री नाचगाणं. त्याला कुणी फुकट्या म्हणत नाही. तो डेलिगेट. आणि परभणीकडची म्हातारी पदरात भाकरी बांधून, रात्रभर संडासाजवळ बसून चैत्यभूमीवर येते, जाताजाता गेटवेवर उभी राहून समुद्र बघते, तर ती शहर घाण करते! का रे? तिला डोळे नाहीत?

१३ ते १६ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे महापरिनिर्वाण दिनानंतर आठवड्याभरात, जी-२० च्या विकास कार्यगटाची बैठक मुंबईत भरली. 'वसुधैव कुटुंबकम्'चे फलक लागले आणि रस्त्याकडेच्या झोपडपट्ट्यांपुढे पडदे. मी रचून सांगत नाही, पेपरांत तेव्हा छापून आलंय. विकासावर चर्चा करायला आलेल्यांना, ज्यांचा विकास व्हायचाय तीच माणसं दिसू नयेत! कुटुंब म्हणता आणि भावाला पडद्याआड कोंडता?

गंमत बघा. याच शहरात धारावी तिकीट लावून दाखवतात. म्हणजे झोपडी फुकट दिसली तर लाज, पैसे मोजून दिसली तर 'अनुभव'.

त्या पाहुण्यांना कान्हेरीला नेलं. चांगलंच केलं. शंभरावर बौद्ध लेणी आहेत तिथं. पण तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं वाचा : कल्याण, सोपारा. तो सोपारा म्हणजे आजचा नालासोपारा, आमच्या पालघर जिल्ह्यातला. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथंच सापडला. माझ्या छापील कागदावर सोपारा कधीच नसतो. बाबासाहेब जिथं वीसेक वर्षं राहिले ती परळची बीआयटी चाळ नसते. राजगृह नसतं. १९४६ चं सिद्धार्थ कॉलेज फोर्टात आहे, गेटवेला जाताना वाटेवर. तेही नसतं.

एकदा एका पाहुण्यानं आपणहून विचारलं, "आंबेडकर कुठं राहायचे?" मी गाडी परळकडं वळवली. लगेच फोन आला, "कागदावर आहे तेवढंच दाखव." त्या दिवसाचा माझा भत्ता कापला. बाबासाहेबांचं घर दाखवल्याचा दंड!

आता आमच्या मुलखाचं सांगतो. हॉटेलांच्या भिंतींवर वारली चित्रं टांगतात, पाहुण्यांपुढं तारपा वाजवतात. त्याच वारल्यांच्या शेतीसाठी म्हणून सूर्या धरण बांधलं, आणि पाणी वळवलं वसई-विरार, मीरा-भाईंदरच्या नळांकडं. तारापूरची अणुवीज १९६९ पासून. पुढं ५४०-५४० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. पुनर्वसनासाठी माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली. एमआयडीसीचं रसायन खाडीत उतरलं, मच्छीमारांची जाळी रिकामी झाली. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर देशात पहिल्या नंबरावर. या पहिल्या नंबराचा सत्कार कुठल्या परिषदेत झाला नाही.

मग बोला, फुकट्या कोण? पाणी आमचं, जमीन आमची, नाच आमचा, लेणी आमची. आणि डब्यातून हिणवायचं कुणाला, तर दोन दिवस बापाला भेटायला आलेल्या माणसांना!

सहा डिसेंबरला पालिका मांडव घालते, पाण्याचे नळ लावते, मान्य. पण इज्जत नळातून येत नाही. आणि दोष एकट्या खिडकीवाल्याचाही नाही. तो बोलला तेव्हा मीही मान खाली घालून मोबाईल बघत बसलो होतो. डब्यात आपली शिकलेली पोरं होती, तीही गप्प. ही आपली नामर्दी. ती आपणच धुवायची.

म्हणून दोस्तांनो, येत्या सहा डिसेंबरसाठी कागद आपण छापायचा. चैत्यभूमी, राजगृह, बीआयटी चाळ, सिद्धार्थ कॉलेज. मुक्काम वाढला तर कान्हेरी आणि सोपारा. बोईसर, पालघर, विरारच्या पोरांनी दादर स्टेशनवर उभं राहायचं, आलेल्या आयाबायांचं बोचकं हातात घ्यायचं आणि शहर दाखवायचं. माझी गाडी त्या दिवशी भाड्याला नाही, ती त्यांची.

आणि समुद्र? तोही दाखवू. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर निवांत बसवू. कुणी 'फुकटे' म्हटलं, तर या वेळी मान वर करून उत्तर देऊ.