सही कुणाची, हक्क कुणाचा?

मैत्रिणींनो, नवरा गेल्यावर बाईला ऑफिसात पहिला प्रश्न विचारतात तो असा : 'कागदावर नाव कुणाचं आहे?'

माझ्या नवऱ्याच्या फंडाच्या कागदावर माझ्या धाकट्या दिराचं नाव होतं. कारखान्यात लागताना भरलेला फॉर्म. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, फॉर्म तसाच राहिला. २०११ साली हे अपघातात गेले. ऑफिसातले साहेब म्हणाले, "दिरांचं ना हरकत पत्र आणा." दीर म्हणाले, "दादाचे पैसे घरातच राहिले पाहिजेत. वहिनी, आधी घरावरचा हक्क सोडल्याची सही करा." मी केली नाही. मग ऑफिसने कोर्टाचा वारस दाखला मागितला. वकील, वर्तमानपत्रातली नोटीस, तारखांवर तारखा. अडीच वर्षं मी शिवणकामावर घर चालवलं. पैसे मात्र खात्यात अगदी सुखरूप होते!

शेवटी कामगार संघटनेच्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला नियम वाचून दाखवला. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेतला परिच्छेद ६१. लग्नाआधी, कुटुंब नसताना, कुणाचंही नाव लावता येतं. पण कुटुंब झालं की ते नामनिर्देशन आपोआप रद्द! आणि वैध नाव नसेल तर परिच्छेद ७० प्रमाणे रक्कम कुटुंबातल्यांना समान वाटून द्यायची. या 'कुटुंबा'त बायको येते, मुलं येतात, अवलंबून असलेले आईवडील येतात. भाऊ येत नाही. म्हणजे ज्या सहीसाठी मला दारोदार फिरवलं, ती सही लागतच नव्हती.

तीन समान वाटे झाले : माझा, मुलीचा आणि सासूबाईंचा. सासूबाईंचाही अंगठा हक्कसोडपत्रावर घ्यायची तयारी घरात चाललीच होती. जिला मी अडीच वर्षं शत्रू समजले, तिलाही तेच लुबाडत होते. हे भांडण सासू-सुनेचं नव्हतंच. दोन बायकांचा पैसा एका पुरुषाच्या 'ना हरकती'ला टांगलेला होता, एवढंच.

याला 'प्रक्रियेतला विलंब' म्हणतात. मी म्हणते, ही जबरदस्ती आहे. थांबायला पैसे लागतात आणि नेमके तेच बाईकडे नसतात. पूर्ण कागदपत्रांचा दावा वीस दिवसांत निकाली काढायचा नियम आहे. म्हणून तर कागद पूर्ण होऊच दिले जात नाहीत!

सरकारी नोकरांच्या बायकांनीही लक्षात ठेवावं : २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फंडावर नुसतं नाव लावल्याने नॉमिनी मालक होत नाही. त्या खटल्यात लग्नाआधी आईचं नाव लावलेलं होतं, तरी पत्नीला तिचा वाटा मिळाला. आणि टाकून दिलेली बायको? घटस्फोट झाला नसेल तर कायद्याने ती पत्नीच आहे. मग तिला काउंटरवरून परत पाठवणारे कारकून कोण?

"नवऱ्याला जिवंतपणी असलं कसं विचारायचं? अभद्र वाटतं," असं बायका म्हणतात. मीही म्हणत होते. अभद्र काय असतं ते मी नंतर पाहिलं.

आज नामनिर्देशन ऑनलाइन भरतात. म्हणजे कागद कपाटातून निघून नवऱ्याच्या मोबाइलमध्ये गेला, बाईला दिसेनासा झाला. म्हणून आमची मागणी साधी आहे : कामगाराच्या लग्नाची नोंद होताच नवं नामनिर्देशन भरून घेण्याची जबाबदारी मालकाची ठरवा. त्याची प्रत पत्नीच्या हातात द्या. नियमात नसलेलं ना हरकत पत्र मागणाऱ्याला जाब विचारा.

तोवर प्रत्येक मंडळाने हळदीकुंकवाला वाण म्हणून हे दोन परिच्छेद छापून वाटावेत. आणि नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या स्वतःच्या फंडावर कुणाचं नाव आहे? आज रात्रीच बघा.