चवीचे शब्द आणि शब्दांची किंमत

बिअरच्या असंख्य प्रकारांना गुण देणारे ‘रेटबिअर’ हे अमेरिकेतील संकेतस्थळ फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाले. २००० साली सुरू झालेल्या या उपक्रमात निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळी पदरमोड करून बिअर विकत घेत, तिचा रंग, वास व चव यांविषयी चार ओळी लिहीत आणि गुण देत. या लिखाणाबद्दल त्यांना कोणी दमडीही देत नव्हते आणि म्हणूनच त्याला किंमत होती. २०१६ मध्ये एबी इनबेव्ह या जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या एका शाखेने या उपक्रमात भागीदारी घेतली. लिहिणाऱ्यांना व वाचणाऱ्यांना ही गोष्ट कळली ती मात्र २०१७ च्या जूनमध्ये. ‘डॉगफिश हेड’ या नामांकित निर्मात्याने तेव्हा आपली उत्पादने या यादीतून वगळावीत अशी मागणी केली. पुढे २०१९ मध्ये संपूर्ण मालकीच त्या कंपनीकडे गेली.

परीक्षार्थ्यानेच परीक्षकाचे मानधन द्यावे, ही व्यवस्था आपल्याला अपरिचित नाही. २०१८ साली आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कर्जफेड करू शकली नाही, त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत तिच्या रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होते; आणि असे मानांकन करणाऱ्या संस्थांचे शुल्क रोखे काढणारी कंपनीच भरत असते. त्या रोख्यांत अनेक भविष्यनिर्वाह निधींचे पैसे अडकले. तथापि मालकीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. मालकी उघड झाली म्हणजे वाचक सावध होतो. अवघड प्रश्न भाषेचा आहे. परीक्षणाची भाषाच जर अशी घडली की, तिच्यातून कोणत्याही मालाची निंदा संभवत नाही, तर उत्पादकाला परीक्षक विकत घेण्याची गरजच उरत नाही.

बिअरविषयीच्या लेखनाचा आरंभ असा नव्हता. इंग्लंडमध्ये साठच्या दशकात मूठभर मोठ्या कंपन्यांनी लहान भट्ट्या गिळंकृत केल्या आणि पिपातच मुरणाऱ्या जुन्या बिअरऐवजी गाळलेली, उष्णतेने निर्जंतुक केलेली व कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणारी बिअर सर्वत्र आणली. तिची वाहतूक सोयीची होती आणि नासाडी कमी होती. चव सगळीकडे सारखी, म्हणजे सारखीच मिळमिळीत होती. १९७१ मध्ये चार तरुणांनी याविरुद्ध एक चळवळ सुरू केली. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नावाने ती आज ओळखली जाते. ज्या पिपातून बिअर प्याल्यात येते त्याच पिपात तिचे दुसरे किण्वन झालेले असावे आणि बाहेरून वायूचा दाब दिलेला नसावा, अशी ‘रिअल एल’ या शब्दाची नेमकी व्याख्या या मंडळींनी केली. एखाद्या दुकानदाराने या नावाखाली दुसरे काही विकले तर त्याला खोटे ठरवता येत असे.

१९७४ मध्ये या चळवळीची मार्गदर्शिका पुस्तकरूपाने निघाली तेव्हा एक बोलका प्रसंग घडला. वॉटनी या बलाढ्य कंपनीच्या बिअरपासून वाचकांनी साथीच्या रोगापासून राहावे तसे दूर राहावे, अशा अर्थाचा शेरा तीत होता. मुद्रकाने कायद्याच्या धास्तीने तो मजकूर छापून वितरित करण्यास नकार दिला आणि शेरा सौम्य करावा लागला. स्वच्छ शब्दाला जोखीम असते, ती अशी. त्याच जागी ‘हिच्यात एका हरवलेल्या शरद ऋतूची उदासीनता आहे’ असे छापले असते, तर कोणत्याही कंपनीच्या वकिलाने लेखणी उचलली नसती.

आजच्या परीक्षणांची भाषा नेमकी या दिशेने वाढली आहे. १९७७ मध्ये मायकेल जॅक्सन या ब्रिटिश लेखकाने (गायकाशी या गृहस्थांचा संबंध नाही) जगातील बिअरचे प्रकारांनुसार वर्गीकरण करणारा ग्रंथ लिहिला. अमेरिकेत १९७८ च्या एका कायद्याने घरच्या वापरासाठी बिअर करण्यावरील केंद्रीय कराची अडचण दूर केली आणि हौशी प्रयोगातून लहान निर्माते उभे राहिले. त्या सुमारास ज्या देशात शंभराहूनही कमी भट्ट्या उरल्या होत्या, तेथे आज नऊ हजारांहून अधिक आहेत. २०२४ मध्ये मात्र नव्याने उघडलेल्या भट्ट्यांपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक भरली. इतक्या गर्दीत ग्राहकाने निवड कशी करावी? फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग पाडले : खरेदीपूर्वी पाहून पारखता येणाऱ्या आणि वापरल्यावरच कळणाऱ्या. बिअर दुसऱ्या वर्गातली. बंद बाटली काही सांगत नाही. सांगतात ते शब्द. अशा बाजारात शब्दांना मागणी निर्माण होणे अगदी स्वाभाविक आहे आणि मागणी आली की बनावट मालही येतो.

येथे एक न्याय करणे अवश्य आहे. ऐकायला हास्यास्पद वाटणारा प्रत्येक शब्द पोकळ नसतो. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो असे म्हणतात, ते खरेच आहे. किण्वनात तयार होणारे विशिष्ट एस्टर आणि फिनॉल त्याला कारण आहेत. काही बेल्जियन बिअरना ‘घोड्याच्या घोंगडीचा’ वास येतो, हे वर्णन तर विनोदासाठीच रचलेले वाटेल. परंतु ब्रेटॅनोमायसिस नावाच्या किण्वाने निर्माण केलेल्या ठरावीक संयुगांची ती खूण आहे. मॉर्टेन मेलगार्ड या रसायनशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात अशा शब्दांचे एक चक्र तयार केले. प्रत्येक शब्दामागे शक्यतो एखादा ज्ञात पदार्थ असावा आणि तो बिअरमध्ये मिसळून कोणालाही ओळखायला शिकवता यावे, हा त्यामागचा हेतू. बिअर उद्योगातील युरोपीय व अमेरिकन संस्थांनी ते स्वीकारले. म्हणजे प्रश्न उपमेचा नाही. ती पडताळता येते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

‘बुद्धिमान’, ‘आत्मविश्वासाने भरलेली’, ‘संवाद साधणारी’ या विशेषणांची पडताळणी कशी करणार? ती पेयाविषयी काही सांगतच नाहीत. सांगतात ते लिहिणाऱ्याच्या अभिरुचीविषयी. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड क्वांट यांनी २००७ मध्ये वाइनच्या परीक्षणांची अशीच थट्टा केली होती. परीक्षकांचे शब्द जमवून त्यांनी संगणकाकडून यदृच्छेने परीक्षणे लिहवून घेतली. ती अस्सल परीक्षणांच्या पंक्तीला सहज बसली असती. (आम्हा अर्थशास्त्रज्ञांच्या निबंधांवर हाच प्रयोग कोणी केला तर काय निष्पन्न होईल, या विचाराने प्रस्तुत लेखक थोडा अस्वस्थ आहे.)

पोकळ शब्दांचा परिणाम मात्र पोकळ नसतो. १९६४ मध्ये ॲलिसन आणि उल या दोन संशोधकांनी अमेरिकेतील नित्य बिअर पिणाऱ्यांना प्रथम नावाची चिठ्ठी नसलेल्या बाटल्या दिल्या. आपली आवडती बिअर त्यांना सर्वसाधारणपणे ओळखता आली नाही आणि निरनिराळ्या बिअरमध्ये फारसा फरकही जाणवला नाही. मग नावासह बाटल्या दिल्या. गुण वाढले, आणि सर्वाधिक वाढले ते आपापल्या आवडत्या नावाचे. २००६ मध्ये ली, फ्रेडरिक व एरिएली यांनी याहून सूक्ष्म प्रयोग प्रसिद्ध केला. बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे, म्हणजे एका प्रकारच्या शिरक्याचे, थेंब टाकले होते. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांच्यापैकी अनेकांना ती आवडली. आधी सांगितले त्यांना बरीच कमी आवडली. चाखून झाल्यावर सांगितले, तेव्हा मात्र आवड घटली नाही. म्हणजे आधी मिळालेली माहिती नंतरच्या मतापुरती राहत नाही, ती प्रत्यक्ष अनुभवातच मिसळते. पाणी, माल्ट, हॉप्स आणि किण्व या चार घटकांत परीक्षण हा पाचवा घटक होऊन बसतो. आणि तो सर्वांत स्वस्त असल्यामुळे त्याचे प्रमाण वाढवणे निर्मात्याला परवडते.

चवीच्या भाषेचे दुसरे वळणही आपल्या देशात आहे. कोलकात्याचा चहाचा लिलाव १८६१ पासूनचा. तेथील चहापारखी मंडळींचे स्वतंत्र शब्दभांडार आहे. काळ्या चहाच्या अशा परिभाषेचे आंतरराष्ट्रीय मानकही १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे शब्द टिकले, कारण ते ऐकणारा खरेदीदार स्वतःही चहा चाखून बोली लावत असतो. खोट्या विशेषणाने फार तर एकदा भाव मिळतो. आपल्या घरच्या भाषेचेही असेच आहे. खवट, आंबूस, करपट, धुरकट, तुरट, पचपचीत, खमंग : यांतील एकही शब्द बोलणाऱ्याची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी जन्मलेला नाही. शेंगदाणे खवट आहेत असे आई म्हणाली की ते टाकून दिले जातात.

पुण्यात लहान भट्टीवरची बिअर २००९ मध्ये आली आणि तिच्यामागोमाग तिचे वाङ्मयही आले. अशाच एका ठिकाणी जुन्या विद्यार्थ्यांच्या आग्रहाने जाण्याचा योग आला. पत्रकावर ‘इंडिया पेल एल’ची कथा छापलेली होती. हिंदुस्थानच्या दीर्घ समुद्रप्रवासात फक्त हीच बिअर टिकत असे, अशी ती लोकप्रिय आख्यायिका. वस्तुतः काळसर पोर्टर बिअरही त्याच काळात इंग्लंडहून मोठ्या प्रमाणावर येत होती, ती टिकतही होती, आणि कंपनीच्या गोऱ्या शिपायांचे पेय मुख्यतः तीच होती. कथेखाली चवीचे वर्णन होते; त्यात ‘निर्भय’ हा शब्द दोनदा आला होता.

हॉप्सचा सुवास हा या प्रकाराचा जीव आणि तो नाशवंत असतो. उष्णतेने आणि हवेच्या संपर्काने तो काही आठवड्यांत उतरू लागतो. उजेड लागला तर हॉप्समधील द्रव्यांपासून दुर्गंधी तयार होते, म्हणूनच तपकिरी बाटली हिरवीपेक्षा बरी. ग्राहकाला सर्वांत आधी हवी असते ती पेय केव्हा तयार झाले याची तारीख. ती त्या पत्रकावर नव्हती. वाढणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा तो अदबीने म्हणाला, “सर, ताजीच आहे,” आणि पत्रकातला तो परिच्छेद आम्हाला वाचून दाखवू लागला.