कसब्याचा इतिहास कोणाच्या नांवावर?

पुणें शहर किती जुनें, असा प्रश्न निघाला कीं विद्वान मंडळी दोन ताम्रपट पुढें करितात. दोन्ही राष्ट्रकूट राजांच्या वेळचे, एक इ. स. 758 चा, दुसरा 768 चा. एकांत या मुलुखास 'पुण्य विषय' म्हटलें आहे, दुसऱ्यांत 'पूनक विषय'. अशा पटांत दान देणाऱ्या राजाचें नांव असतें, दान घेणाऱ्या ब्राह्मणाचें नांव व गोत्र असतें, दिलेल्या गांवाच्या चारी शिवा असतात. अक्षरें कोरणाराही कधीं कधीं आपलें नांव खालीं घालतो. पण तांबें तापवून, ठोकून, एकसारखा पत्रा करून देणारा कारागीर कोण, हें बहुधा कोठेंच सांपडत नाहीं. साडेबाराशें वर्षें तो पत्रा टिकला, तो कांहीं दानाच्या पुण्याईनें टिकला नाहीं. पुण्याच्या इतिहासांत राजा आहे, भिक्षुक आहे, तांबट नाहीं.

ही गोष्ट आज काढण्यास कारण आहे कसबा पेठ. शनिवारवाड्याच्या पूर्वअंगास, मुठा नदीच्या उजव्या तीरावर ही पेठ आहे. वारांच्या नांवांच्या पेठा मागून वसल्या. त्यांच्या अगोदर जें पुणें होतें तें हेंच कसबे पुणें. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं येथें खणून पाहिलें तेव्हां सातवाहनांच्या काळचे अवशेष सांपडले, आणि त्यांत अर्थातच खापरें. वाचकहो, एवढें ध्यानांत घ्या कीं या शहराचें वय सांगावयास शेवटीं कुंभाराचें फुटकें भांडेंच उपयोगीं पडलें. शेतकरी बंधूंस हें नवल वाटणार नाहीं. गांवाची पांढर कशी उंच होते हें त्यांस ठाऊक आहे: मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या उठतात, पिढ्यांचा राखुंडा व खापर खालीं दबत जातो. कसब्याची पांढर तशीच. गांवकोस मारुतीचें देऊळ अद्याप आहे. गांवकूस कोठून गेलें होतें त्याची तेवढी खूण राहिली.

शाळेंतल्या पुस्तकांत कसबा येतो तो निराळा. जिजाऊमासाहेब, कसबा गणपति, लाल महाल, 1663 सालीं तुटलेलीं शाएस्तेखानाचीं बोटें. त्यानंतर 1730 सालीं शनिवारवाड्याचा पाया घातला जातो व पुढें कसब्याचें नांव निघत नाहीं. शिवछत्रपतींचे पाय या मातीस लागले याचा अभिमान आम्हांस कोणाहून कमी नाहीं. पण कथा सांगतांना कोण गळतो तें पाहावें. आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें 1630 च्या सुमारास पुणें उध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला, आणि पुढें बाल शिवाजीच्या हस्तें सोन्याचा नांगर फिरवून तें पुन्हां वसविलें, असें सांगतात. कथा गोड आहे. मात्र ज्यानें नांगर धरला आहे त्यास विचारा. सोन्याचा फाळ मुरमाड जमिनींत वीतभर तरी तास काढील काय? मान एका दिवसाच्या नांगराचा होता. ओसाड कसबें पुन्हां उभें राहिलें तें लोहाराच्या फाळानें, सुतारानें तासलेल्या लांकडानें व कुणब्याच्या बैलांनीं. त्या लोहाराचें घर कोठें होतें हें कोणी विचारीत नाहीं.

2010 च्या डिसेंबरांत लाल महालांतून दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलविला, तेव्हां सारें शहर तापलें. तो पुतळा तेथून जावा असेंच आमचेंही मत होतें. पण खरें बोलावयाचें तर त्याच पेठेंत त्याच वर्षांत एकेक हातोडा थंड पडत होता, आणि त्याबद्दल आमच्याच लोकांनीं एक सभा भरविली नाहीं. दगडाच्या माणसासाठीं आम्ही रस्त्यावर येतों. हाडामांसाच्या माणसाची आळी रिकामी होते ती आम्हांस दिसत नाहीं.

कसब्याची खरी बखर आळ्यांच्या नांवांत लिहिलेली आहे. तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा, व्यवहार आळी. चालत जा आणि वाचा. मोडी यावयास नको, संस्कृत यावयास नको. 'कसबा' आणि 'कसब' हे दोन शब्द मुळांत निराळे, एकाचा अर्थ बाजाराचें मोठें गांव, दुसऱ्याचा हुन्नर. दोन्ही अरबींतून फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आले. पण पुण्याच्या या पेठेंत ते एकाच उंबऱ्यावर नांदले. (जोतीराव फुले यांनीं 1869 सालीं 'ब्राह्मणांचें कसब' लिहिलें तें निराळ्या कसबाविषयीं, हें वाचकांस सांगणें नलगे.) कागदीपुऱ्यांतले कागदी मुसलमान. पेशवे दप्तरांत आज कोट्यवधि कागद जपून ठेविले आहेत, त्यांवर किती पंडितांनीं किती ग्रंथ उभे केले! कागदावरची शाई सर्वांनीं वाचली. लगदा कुटून, जाळीवर धरून, घोटून तो कागद करणाऱ्याच्या हातास मात्र एक ओळ मिळाली नाहीं.

पेशवाईंत कारागिरास काम होतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. दरबार मोठा, वाडे मोठे, भोजनें मोठीं, म्हणून हंडे, घंगाळें व तपेलीं लागत. तांबट घराणीं कोंकणांतून त्याच काळीं घाट चढून आलीं असें तीं घराणीं सांगतात. पण काम देणें निराळें आणि मान देणें निराळें. 1779 सालीं पुणें दरबाराच्या सांगण्यावरून मुंबईच्या कंपनी सरकारनें दैवज्ञ सोनारांस हुकूम केला कीं, त्यांनीं अभिवादन करितांना 'नमस्कार' हा शब्द उच्चारूं नये. देवाच्या अंगावरचे दागिने ज्यानें घडवावे त्यानें दोन हात जोडून कोणता शब्द काढावा, याचा निवाडा दरबार करी आणि अंमलबजावणी साहेब करी! राज्यें दोन, दोघांत लढाया चालू. पण येवढ्या एका गोष्टींत एकमत.

तांबट आळींत आज गेलां तर अजून ठोक्याचा आवाज ऐकूं येतो, मात्र पूर्वींसारखा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत नव्हे. तांब्याचा पत्रा कापावा, वांकवावा, सांधे झाळावे, आणि मग ऐरणीवर धरून हातोड्याच्या एकसारख्या ठोक्यांनीं सारें अंग भरून काढावें. यास मठारकाम म्हणतात. ठोके केवळ शोभेसाठीं नसतात. ठोकल्यानें मऊ तांबें कठीण होतें, भांडें पोचत नाहीं. एक ठोका जोराचा पडला तर पत्रा पातळ होतो, हलका पडला तर नक्षी चुकते. आणि दिवसांत हजारों ठोके घालावयाचे. कानाचे पडदे जातात, मनगट जातें. या आळींतला बंब, कळशी, हंडा मावळांतल्या व घाटावरच्या किती घरांत गेला असेल! लेकीच्या लग्नांत ऋण काढूनही बापानें हंडा दिला आहे. त्या हंड्याच्या कांठावर नांव घातलेलें असतें: देणाऱ्या मामाचें किंवा बापाचें, घेणाऱ्या लेकीचें, वर सालही. घडविणाऱ्याचें नसतें. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत जी रीत, तीच आपल्या माजघरांतल्या हंड्यावर. तेव्हां दोष एकट्या इतिहासकारांवर ढकलून आपणांस मोकळें होतां यावयाचें नाहीं.

मग जर्मनचीं भांडीं आलीं, त्यांमागून स्टील आलें. स्वस्त, हलकें, कल्हईची कटकट नाहीं. गरीब बाईनें तें घेतलें यांत तिचें काय चुकलें? कल्हईवाला नवसागर व कथील घेऊन दारावरून जाईनासा झाला. आतां तांब्यास पुन्हां दिवस येत आहेत, पण ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत व मोठ्या हॉटेलांत. काम पुन्हां मिळतें ही गोष्ट चांगली. विकणाऱ्याच्या काचेच्या कपाटांत भांडें किती रुपयांस जातें आणि ठोकणाऱ्याच्या हातांत त्यांतले किती पडतात, हा हिशेब मात्र तांबटानें स्वतः मांडावा. दुसरा कोणी मांडून देणार नाहीं.

नदीचें काय? कुंभारास माती हवी, पाणी हवें, भट्टीस मोकळी जागा हवी. म्हणून त्याचा वाडा वेशीशीं, नदीच्या अंगास. त्या वेशीस नांवच कुंभारवेस पडलें. नदीनें त्यास पोसलें आणि नदीनेंच त्यास बुडविलें. 12 जुलै 1961 रोजीं सकाळीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें जुनें धरण गेलें, आणि मुठा पेठांत शिरली. काम पुरें होण्याअगोदर पाणी अडविण्याची घाई वरच्यांनीं केली. पाणी चढलें तें कांठच्यांच्या घरांत. विचार करा, ज्याचें सारें भांडवल कच्च्या मडक्यांत आहे त्याच्या घरांत नदी आली म्हणजे काय उरतें? सोनाराचें सोनें चिखलांत सांपडेल, तांबटाचा पत्रा चिखलांत सांपडेल, कुंभाराचें मडकें मात्र स्वतःच चिखल होतें. पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहती उठल्या, कित्येक कुटुंबें कायमचीं पेठ सोडून गेलीं. पुढें धुराची तक्रार वाढली आणि पुण्यांतले कुंभार मुंढव्याकडे केशवनगरास गेले. कुंभारवाडा हें नांव तेवढें कसब्यांत राहिलें. गणेशोत्सवांत विसर्जनाचा पहिला मान कसब्याच्या गणपतीचा, तो योग्यच आहे. मातीस आकार देणाऱ्याचा मान कितवा, हें एकदां मंडळांनीं ठरवून सांगावें.

आतां तिसरी लाट येत आहे, आणि ही पाण्याची नाहीं. पेठेच्या पोटांतून आगगाडी गेली. 2024 च्या सप्टेंबरांत मेट्रोचें कसबा पेठ स्थानक सुरू झालें, त्याकरितां कांहीं घरें व दुकानें हलवावीं लागलीं. 2022 च्या मार्चांत मुळा-मुठेच्या कांठाच्या सुशोभनाचें काम मोठ्या समारंभानें सुरू झालें. एकंदर 44 किलोमीटरांची ती योजना आहे. जुने वाडे पाडून उंच इमारती उठत आहेत. आम्ही सुधारणेचे वैरी नाहीं. वाड्यांतल्या अंधाऱ्या खोलींत, गळक्या कौलांखालीं राहणाऱ्या भाडेकऱ्यास कोरडें घर मिळालें तर आम्हांस आनंदच आहे. पण तांबट चौथ्या मजल्यावर हातोडा कोठें मारणार? खालच्या मजल्यावर बँक येते, कपड्यांचें दुकान येतें. भट्टी लावण्यास जागा येत नाहीं. शेजारी नवा बिऱ्हाडकरू येतो, त्यास आवाज सोसत नाहीं. तो अर्ज करितो. आळी जुनी, अर्जदार नवा, तरी अर्ज मंजूर होतो. कुंभाराच्या धुराचें जें झालें तेंच तांबटाच्या ठोक्याचें व्हावयास वेळ लागणार नाहीं. मग एखाद्या भिंतीवर हातोड्याचें चित्र काढतील, खालीं 'वारसा' असें लिहितील आणि पाहुण्यांस फिरवून आणतील.

या आळ्यांतल्या आमच्या बांधवांसही दोन शब्द कडू वाटले तरी सांगितलेच पाहिजेत. भिंतीस भिंत लागून राहिलां, पण तांबटाचें दुःख शिंप्यानें आपलें मानलें नाहीं, कागदी तर परका, आणि गांवकुसाबाहेरच्यास तुम्हींही पाणी वरूनच वाढलें. दरबारानें तुम्हांस जी पायरी दाखविली, तीच तुम्हीं खालच्यास दाखविली. आज अर्ज करावयाची वेळ आली तर प्रत्येक जातीचा अर्ज वेगळा, पुढारी वेगळा, आणि साहेबाच्या टेबलावर ते सारे एकमेकांखालीं दडपलेले. मुलगा शिकला कीं हातोडा टाकतो याचा राग धरूं नका. शिकूं द्या, मुलीसही शिकवा. पण शिकलेल्यानें नकाशा वाचावा, करारनामा वाचावा, नगरपालिकेच्या ठरावाची नक्कल काढावी आणि ती आळीच्या चौकांत उभें राहून सर्वांस मराठींत समजावून सांगावी. तेवढें झालें तरी शिक्षणाचे पैसे वसूल.

नगरपालिकेपाशीं आमचें मागणें फार नाहीं. घरांत राहून हातानें धंदा करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची, मालक असो वा भाडेकरू, नोंद व्हावी, आणि ती वाडा पाडण्याच्या परवानगीअगोदर व्हावी, नंतर नव्हे. ज्या आळीचें नांव धंद्यावरून पडलें आहे तेथें नव्या इमारतीचा तळमजला त्या धंद्यास राखून ठेवावा. नदीकांठीं चौथरे बांधणारच असाल, तर त्यांतले कांहीं केशवनगरच्या कुंभारांस सणासुदीस बसावयास द्यावे. तो कांठ त्यांच्या आजोबा-पणजोबांचा होता.

आणि खेड्यांतल्या आमच्या वाचकांनीं, पुण्यास माल घेऊन येणें झालें म्हणजे, एक फेरी तांबट आळींत मारावी. लेकीसाठीं तांब्या-कळशी घ्यावयाचीच असेल तर ठोकणाऱ्याच्या हातूनच घ्यावी, आणि कांठावर नांव घालतांना त्याचेंही घालावयास सांगावें. तो बहुधा हंसेल, नको म्हणेल. तरी घालावयास लावावें. चार अक्षरांस जागा फार लागत नाहीं.