फूल वाळलं म्हणून कांदा मेला नाही!

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत नेदरलंड्समधल्या कुठल्याही सुपरमार्केटात जा, दाराशीच हायसिंथच्या कुंड्या मांडलेल्या दिसतील. (आधीच सांगून टाकतो, आपल्या नद्यांमध्ये माजलेली जलपर्णी, जिला इंग्रजीत वॉटर हायसिंथ म्हणतात, तिचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. ती दक्षिण अमेरिकेतली, हा तुर्कस्तान-सीरियाकडचा.) निळे, गुलाबी, पांढरे तुरे आणि वास असा की एका कुंडीने अख्खं घर भरून जावं. दोन आठवडे कौतुक होतं, मग तुरा मान टाकतो आणि कुंडी थेट कचऱ्यात. इथले लोक फेकतात आणि आपली देशी मंडळीही फेकतात. वर आपल्यालाच शिकवतात, "अरे, ते एकदाच फुलतं!"

साफ चूक. हायसिंथ बहुवर्षायू आहे. फूल वाळतं, कांदा जिवंतच असतो.

तो कांदा तयार कसा होतो ते बघा. हायसिंथला आपणहून पिल्लं फार कमी येतात. म्हणून शेतकरी मोठ्या कांद्याचं बूड कोरतात किंवा त्यावर चिरा पाडतात. त्या जखमेत बारीक बारीक कांदे धरतात. ते शरदात लावायचे, उन्हाळ्यात काढायचे, पुन्हा लावायचे... असं तीन-चार वर्षं केलं की कुठे फुलण्याजोगा कांदा होतो. म्हणजे चार वर्षांचं डेव्हलपमेंट आणि दोन आठवड्यांत प्रॉडक्ट मोडीत! आपल्या कोडचं कुणी असं केलं तर आपण महिनाभर कुरकुरतो.

"पण नवा स्वस्त मिळतो ना!" हा ठरलेला युक्तिवाद. स्वस्त मिळतो म्हणूनच तर ही सवय लागली. याच देशात १७३० च्या दशकात दुर्मीळ हायसिंथच्या एकेका कांद्याला शेकडो गिल्डर मोजले जात होते. तेव्हा कुणी फेकला असता का? कांदा तोच आहे, फक्त किंमत पडली.

दुसरा मुद्दा, "पुढच्या वर्षी तसा गच्च तुरा येत नाही." हे मात्र खरं आहे. तुरा विरळ येतो. पण रानातला मूळ हायसिंथ असाच विरळ असतो. वास तोच. शिवाय विरळ तुरा आपल्याच वजनाने आडवा पडत नाही, त्याला काड्यांचे टेकू लावावे लागत नाहीत. गच्चपणा ही आपण वाढवलेली हौस आहे, झाडाची गरज नव्हे.

आणि करायचं तरी काय असतं? वाळलेली फुलं खुडा, पण पानांना हात लावू नका. पुढच्या वर्षीचं अन्न तीच पानं कांद्यात साठवतात. ती आपोआप पिवळी होईपर्यंत उजेड आणि थोडं पाणी द्या. मग बागेत किंवा भोक असलेल्या कुंडीत १० ते १५ सेंटीमीटर खोल लावून विसरून जा. पाणी साचू देऊ नका, नाहीतर कांदा सडेल. हातमोजे घाला, कांद्याने खाज सुटते. थंडी तो आपली आपण सोसतो. काचेच्या बरणीत नुसत्या पाण्यावर फुलवलेला कांदा मात्र पार थकलेला असतो, त्याला जमिनीत एक-दोन वर्षं जास्त द्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे कांदे बॅगेत घालून पुण्याला नेऊ नका. नीट फुलायला त्यांना साधारण १० आठवडे ९ अंशांच्या आसपासची थंडी लागते. फ्रिजमध्ये ठेवून एखाद्या वर्षी फूल मिळेलही, पण पुढचा उन्हाळा त्याला झेपत नाही. म्हणजे "एकदाच फुलतं" हे तिथे जवळपास खरं आहे. इथे, जिथे हिवाळा फुकट मिळतो, तिथे तो नुसता आळस आहे.

निशिगंधाची फुलं संपली म्हणून घरच्या बागेतले कांदे कुणी उपटून उकिरड्यावर टाकलेले तुम्ही पाहिलेत? नाही ना? मग सातासमुद्रापार आल्यावर ही अक्कल कुठे जाते? बाल्कनी नसेल तर बाग असलेल्या शेजाऱ्याला द्या, तो नाही म्हणणार नाही.

असो. एप्रिल संपत आला की कचऱ्याच्या डब्याकडे जाण्याआधी एवढं आठवा, म्हणजे झालं.