ओला मका आणि कार्बनचा कर

परवा जेवताना ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "कार्बनवर कर लावा, शेतकरी आपोआप सुधारतील." म्हटलं, लेका, आधी कॅनडाकडे बघ!

तिथे २०१९ मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच प्रांतांत इंधनावर टनामागे २० डॉलर कर लावला. २०२४ पर्यंत तो ८० झाला. ट्रॅक्टरचं डिझेल वगळलं, पण धान्य वाळवायला लागणारा गॅस नाही. आपल्याकडे मका खळ्यावर उन्हात वाळतो. तिथे नोव्हेंबरात ऊन आणायचं कुठून? ओला ठेवला तर बुरशी. मग जाळा गॅस, भरा कर!

बरं, तो खर्च गिऱ्हाइकावर ढकलावा, तर मक्याचा भाव ठरतो शिकागोच्या बाजारात. म्हणजे भुर्दंड थेट उत्पन्नातून. २०२१ पासून परतावा मिळाला, पण शेतीच्या एकूण खर्चाच्या हिशोबाने. ज्याचं पीक जास्त ओलं, त्याला जादा काही नाही.

मी कार्बन कराच्या विरोधात नाही. पण पर्याय असेल तिथेच कर सवय बदलतो. नसेल तिथे तो नुसता दंड. वाळवणीच्या गॅसला सूट देणारं विधेयक संसदेत रखडलं ते रखडलंच, आणि एप्रिल २०२५ मध्ये इंधनावरचा तो अख्खा करच गेला. कमावलं काय?

असो. एसीत बसून शेतकऱ्याला सुधारणाऱ्यांनी विचार करावा.